मायक्रॉन साहेबांचं गोल पेन

जेवणं आटोपून सगळे टेबलाशीच रेंगाळले होते. मायक्रॉन साहेबांच्या मेहुण्याने पिशवीतून मखमली डब्या काढल्या आणि प्रत्येकाच्या ताटाशेजारी एकेक ठेवली. डबीत पेन होतं. लाकडाचं, चकचकीत, त्याने स्वतः घरच्या, लाकूड गरगर फिरवून तासणाऱ्या लेथ मशीनवर बनवलेलं. त्याच्या बहिणीने, म्हणजे साहेबांच्या बायकोने, "अगंबाई!" म्हणून डोळे मोठे केले, साहेबांच्या मुलीने मामाच्या गळ्यात हात टाकले. मायक्रॉन साहेबांनी पेन उजेडात धरून पाहिलं. ते उठले, आतल्या खोलीत गेले आणि जाडी मोजायचा व्हर्नियर घेऊन आले.

मायक्रॉन साहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. कारखान्यात यंत्रांच्या सुट्या भागांची तपासणी करण्यात त्यांचा जन्म गेला. केसाच्या जाडीचा बारीकसा अंश म्हणजे मायक्रॉन, आणि तेवढ्या फरकासाठी ते चांगला भाग लाल रंगाचा फराटा मारून भंगारात टाकायचे. कामगारांनी मग हे नाव ठेवलं. साहेबांना वाटायचं, हा आपला सन्मान आहे. ते निवृत्त झाले त्या दिवशी कारखान्यात चहा दोनदा झाला, तोही त्यांनी सन्मानच समजला.

त्यांनी पेन व्हर्नियरच्या जबड्यात धरलं, आकडा पाहिला, पेन जरासं फिरवलं, पुन्हा पाहिला.

"अंडाकृती आहे," ते म्हणाले.

"काय?" मेहुण्याने विचारलं.

"पेन. असं धरलं तर एक माप, तसं धरलं तर दुसरं. हे गोल नाही."

"भाऊजी, लिहायचंय हो त्यानं. बंदुकीत नाही भरायचंय."

सगळे हसले. मेहुणा विमा विकायचा. जो माणूस धडधाकट लोकांना मरणाची भीती घालून पोट भरतो, त्याला शब्द कमी पडत नाहीत. साहेबांना त्याची हीच गोष्ट डोक्यात जायची. फोनवर चार व्हिडिओ बघायचे, एक मशीन आणायचं आणि लगेच कारागीर म्हणून मिरवायचं! ना माप, ना शिस्त. आणि वर मखमली डबी!

"सळईवर केलंस ना?" साहेबांनी नाक मुरडत विचारलं.

"हो. सगळे तसंच करतात."

"सगळे करतात म्हणूनच सगळे चुकतात. लाकडाचे तुकडे लांब सळईत ओवायचे आणि टोकाला नट आवळायचा. आवळला की सळई मधे वाकते. वाकलेल्या सळईवर फिरलेलं लाकूड अंडाकृती नाही होणार तर काय होणार? दोन सेंटरमधे धरायचं असतं. सळईच नको. एका बाजूला एक टोक, दुसऱ्या बाजूला दुसरं टोक, मधे एकच तुकडा. मग गोल म्हणजे गोल."

"तुम्ही करून बघितलंय?"

"त्यात करून काय बघायचंय? साधं शास्त्र आहे."

मुलीचं या शास्त्राकडे लक्षच नव्हतं. ती जनावरांची डॉक्टर झाली होती आणि येत्या रविवारी तिचा दवाखाना सुरू व्हायचा होता. हातातलं पेन कौतुकाने फिरवत ती म्हणाली, "मामा, ठरलं. पहिल्या पेशंटचं पहिलं प्रिस्क्रिप्शन मी याच पेननं लिहिणार."

"छे छे!" साहेब ओरडले. "पहिलंच प्रिस्क्रिप्शन आणि ते असल्या पेननं? मी देतो तुला करून."

मुलगी हसली. त्या हसण्यात खोट नव्हती, म्हणूनच ते जास्त लागलं. "बाबा, तुम्ही? तुम्ही आजवर कधी काही बनवलंय?"

साहेबांनी व्हर्नियर खाली ठेवला. ते आठवू लागले. घरातलं फडताळ सुताराने केलं होतं, त्यांनी ते दोनदा परत पाठवलं होतं. मुलीने लहानपणी मातीचा हत्ती केला होता, त्याचा एक पाय आखूड असल्याचं त्यांनी तिला पट्टी लावून दाखवलं होतं. बायको शिवणकाम करायची, तिच्या प्रत्येक टाक्यावर त्यांचं मत होतं. पण स्वतःच्या हाताने केलेली एक वस्तू काही केल्या आठवेना. शेवटी बायकोनेच ताटं उचलायला सुरुवात केली.

त्या प्रश्नाने साहेबांना रात्री झोप लागू दिली नाही. रविवारी पोरीच्या हातात आपलं पेन असलं पाहिजे, नाहीतर जन्मभर आपण नुसती दुसऱ्यांची उणीदुणी काढली हेच खरं ठरेल. हा विचार त्यांना सहन होण्यासारखा नव्हता.

सकाळी दुकान उघडण्याआधीच ते दारात हजर होते. छोटं लेथ मशीन, बुशांचा संच, पितळी नळ्या, पेनाचे आतले भाग, लाकडाचे चौकोनी ठोकळे, सगळं घेऊन ते टेम्पोत पुढे बसून घरी आले. मागच्या गॅलरीत बायकोचं कपडे धुण्याचं मशीन होतं. ते बाहेर निघालं आणि लेथ आत गेलं.

"आणि कपडे?" बायकोने विचारलं.

"एक आठवडा कळ काढ. इथे इतिहास घडतोय."

"घडू दे. पण इतिहासपुरुषांनी आपापले शर्ट धुवायचे."

आता कुठल्याही शहाण्या माणसाने मशीन सुरू केलं असतं. साहेबांनी पाणसळ काढली. टेबल एका बाजूला कललेलं निघालं. त्यांनी टेबलाखाली पुठ्ठा घातला. मग लक्षात आलं की टेबल सरळ आहे, गॅलरी कललेली आहे. मग स्वयंपाकघर तपासलं, बैठकीची खोली तपासली, आणि जेवायच्या वेळेपर्यंत पूर्ण घर नापास झालं. बिल्डरला फोन लावून त्यांनी त्याची अक्कल काढली. बिल्डर म्हणाला, "काका, तुम्ही राहताय ना इतकी वर्षं? घसरलात का कधी?" साहेबांनी फोन आपटला.

मग एकदाचं काम सुरू झालं. ठोकळ्याला आरपार भोक पाडायचं, त्यात पितळी नळी चिकटवायची, दोन्ही टोकांना पोलादी बुश, म्हणजे पेनाच्या जाडीच्या कड्या, लावायचे. बुशाच्या तोंडाला शंकूसारखा खळगा असतो, त्यात लेथची दोन टोकं दोन्हीकडून बसतात, आणि तुकडा मधल्यामधे गरगर फिरतो. एवढंच. साहेबांनी हे बायकोला कागदावर काढून समजावलं. ती म्हणाली, "कळलं. करा आता." हे 'करा आता' त्यांना फार खटकलं.

पहिल्या ठोकळ्यात भोक एका बाजूने मधोमध शिरलं आणि दुसऱ्या बाजूने कडेला निघालं. साहेबांनी त्यावर लाल फराटा मारला. दुसऱ्यात भोक जमलं, पण गोंद झटपट चिकटणारा होता आणि साहेब झटपट काही करणारे नव्हते. नळी अर्धी आत गेली तेव्हा ती सरळ बसतेय का हे पाहायला ते थांबले. ती तिथेच कायमची बसली. शिवाय त्यांचा अंगठाही नळीला बसला. बायकोने नखांचा रंग काढायचं औषध ओतून तो सोडवला आणि सोडवता सोडवता विचारलं, "याच्यावर पण फराटा मारायचा का?"

तिसरा तुकडा लेथवर चढला. फिरताना तो किंचित घसरतो असं साहेबांना वाटलं. खरं म्हणजे मागचं टोक हलक्या हाताने टेकवायचं असतं, बेताचं. पण बेताचं म्हणजे किती, हे कुठल्या पुस्तकात आकड्यात लिहिलेलं नव्हतं, आणि आकड्यात नसलेल्या गोष्टीवर साहेबांचा विश्वास नव्हता. त्यांनी मागचं चाक पिळलं, आणखी पिळलं, दोन्ही हातांनी पिळलं. आत नळीचं तोंड फाकलं आणि लाकूड ताड्कन उभं चिरलं. बायको शिलाई टाकून धावत आली.

"काय फुटलं?"

"लाकूड हलक्या प्रतीचं आहे."

"आणि आवळणारा?"

साहेबांनी तिच्याकडे दुर्लक्ष केलं. दुकानदाराला फोन करून त्याच्या लाकडाची इज्जत काढली आणि पुढचा ठोकळा घेतला.

असे एकेक करत ठोकळे संपले. गॅलरीच्या कोपऱ्यात लाल फराट्यांचा ढीग झाला. दुकानातलं लाकूड तर आता त्यांनी बादच केलं होतं. त्यांना हवं होतं जुनं, मुरलेलं, पूर्ण वाळलेलं लाकूड. असं लाकूड घरात एकाच ठिकाणी होतं. संध्याकाळी बायको जेवायला बसायला गेली तर एक खुर्ची भिंतीला टेकून तीन पायांवर उभी होती.

"अहो!"

"सागवान आहे," साहेब समाधानाने म्हणाले. "इतकी वर्षं आपण त्याच्यावर नुसते बसत होतो."

"आता उभे राहा," ती म्हणाली आणि उरलेल्या खुर्च्या आपल्या शिवणाच्या खोलीत नेऊन तिने दाराला कडी घातली.

सागवानाने मात्र साथ दिली. भोक सरळ पडलं, नळी सरळ बसली, मागचं टोकही एव्हाना भीतभीत का होईना बेताचं टेकू लागलं. पटाशी लावली की लाकडाच्या लांबच लांब सालपटांची फीत सुटायची आणि साहेबांच्या चष्म्यावर येऊन बसायची. तुकडा गोल होत चालला. इथे दुसऱ्या कुणाचं पेन झालं असतं. पण साहेबांचं कसं होणार?

दोन सेंटरमधे धरण्याचा मोठा फायदा असा की तुकडा काढून पुन्हा लावला तरी तो होता तसाच बसतो, केंद्र हलत नाही. साहेबांनी या फायद्याचा पुरेपूर फायदा घेतला. पटाशी एकदा टेकवायची, मशीन बंद, तुकडा बाहेर, व्हर्नियर, आकडा, चुकचुक, तुकडा आत, मशीन चालू. डावीकडे जरासा उंचवटा निघाला, तो काढला. तो काढल्यावर उजवीकडचा भाग जाड वाटू लागला, तो काढला. मग मधला. मग पुन्हा डावीकडचा. दर खेपेला पेन आधीपेक्षा गोल व्हायचं आणि आधीपेक्षा बारीक व्हायचं.

बायको चहा घेऊन आली तेव्हा ते कसली तरी पिवळी नळी डोळ्यांपुढे धरून उभे होते. चेहरा उजळलेला होता.

"झालं!" ते म्हणाले. "कुठूनही मोज. अजिबात फरक नाही. याला म्हणतात गोल!"

"लाकूड कुठाय?"

साहेबांनी नळीकडे पाहिलं. लाकूड नव्हतं. ते सगळं त्यांच्या चष्म्यावर, शर्टावर आणि जमिनीवर होतं. हातात उरली होती दुकानातून आणलेली पितळी नळी, आणि ती दुकानातूनच गोल आली होती.

"अहो, तुम्ही पेन करताय की पेन्सिलीला टोक?" बायको म्हणाली आणि चहा ठेवून निघून गेली. जाताना तिचे खांदे हलत होते.

खुर्चीचा पाय असाच संपत गेला. तुकडा लावायचा, मोजायचा, सोलायचा, पितळ दिसलं की लाल फराटा. त्यात मेहुण्याचे फोन. "भाऊजी, कसं चाललंय? काही अडलं तर सांगा हं, मी सळई घेऊन येतो." साहेब म्हणायचे, "सगळं वेळेवर चाललंय." फोन ठेवला की ते गॅलरीतल्या ढिगाकडे पाहायचे. हे सगळे भाग दुसऱ्या कुणी केले असते तर त्यांनी त्याला उभा सोलला असता. आता सोलणार कुणाला?

शनिवारी सकाळी शेवटचा तुकडा उरला. साहेबांनी तो लेथवर चढवला, पटाशी टेकवली, मशीन बंद केलं आणि व्हर्नियरसाठी हात लांब केला. व्हर्नियर जागेवर नव्हता.

"माझा व्हर्नियर कुणी घेतला?"

"सापडेल की," आतून शिवणयंत्राच्या आवाजात बायको म्हणाली. "उद्या दवाखाना उघडला की सापडेल."

"तू लपवलास!"

"ठेवलाय जपून."

"अगं, मापाशिवाय मी काम कसं करू?"

"मी शिवते तसं. हात लावून बघायचं. अंगाला बसलं की झालं."

साहेबांनी थयथयाट केला. कपाटं उघडली, डबे उलटे केले, शिवणाच्या खोलीचं दार ठोठावलं. कडी निघाली नाही. अडाणीपणा, निव्वळ अडाणीपणा! मापाशिवाय काम म्हणजे मेहुण्याच्या पंक्तीला बसणं. पण घड्याळ पुढे सरकत होतं आणि उद्या रविवार होता. रागाने धुमसत ते गॅलरीत परतले, मशीन चालू केलं आणि न थांबता, न काढता, पटाशी या टोकापासून त्या टोकापर्यंत नेली. मग मशीन थांबवून बोट फिरवलं. पुन्हा नेली. लाकूड दोन्हीकडच्या बुशांशी सपाट आलं तेव्हा बोटाला कुठे काही लागेना. आणखी एकदा पटाशी लावायला त्यांचे हात शिवशिवत होते. पण मोजायला काही नव्हतं, म्हणून चूक सापडत नव्हती, म्हणून काढायला काही उरलं नव्हतं. नाइलाजाने ते थांबले.

पॉलिश झालं, आतले भाग दाबून बसवले. लाकडात खुर्चीच्या पायाच्या तांबूस रेषा उमटल्या होत्या. बायकोने दार उघडलं, पेन हातात घेतलं आणि काही न बोलता व्हर्नियर पुढे केला. साहेबांनी मोजलं. फिरवून मोजलं. खिडकीशी नेऊन मोजलं. मग ते खाली बसायला गेले आणि गॅलरीत खुर्ची नसल्याचं त्यांना उशिरा कळलं.

"लागलं का? आणि पेनाचं काय?" त्यांना उठवत बायकोने विचारलं.

"गोल आहे गं!" साहेब जमिनीवरूनच म्हणाले.

"पण याला क्लिप कुठाय?"

"क्लिप लावली की गोलाई मोडते."

"गडगडत जाईल ना ते."

"जाऊ दे की. गोल वस्तूने गडगडायचंच असतं."

रविवारी दवाखान्यात चहा-बिस्किटं चालली होती. भिंतींना ताजा रंग, कोपऱ्यात औषधांचं कपाट, मधोमध जनावरं तपासायचं स्टीलचं मोठं टेबल. धुतल्यावर पाणी निथळून जावं म्हणून त्याला एका बाजूला उतार दिलेला होता. मेहुणा आधीच येऊन बसला होता. त्याचं पेन मुलीच्या पांढऱ्या कोटाच्या खिशाला क्लिपने अडकलेलं होतं. ते पाहून साहेबांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"ही घे," ते म्हणाले आणि डबी पुढे केली. मखमली नव्हती, पुठ्ठ्याची होती, पण कोपरे काटकोनात होते.

मुलीने डबी उघडली. पेन बोटांमधे फिरवत तिने आईकडे पाहिलं. आईने मान हलवली.

"खरंच तुम्ही केलंत?"

"मग काय मामाने?"

"मस्त आहे हो भाऊजी," मेहुणा वाकून म्हणाला. "माझ्यासारखंच दिसतंय."

बस्स, एवढं पुरलं. आठवडाभर माणसाने जीव आटवावा आणि सळईवाल्याने येऊन म्हणावं, माझ्यासारखंच! साहेबांनी मुलीच्या खिशातलं मेहुण्याचं पेन उपसलं, तिच्या हातातलं आपलं घेतलं आणि दोन्ही स्टीलच्या टेबलावर शेजारी शेजारी आडवी ठेवली. "आता बघा फरक."

एवढ्यात दार उघडलं आणि पहिला पेशंट आत आला. पुढे बेकरीवाला होता की कुत्रं, हे सांगणं कठीण होतं, कारण साखळी कोण ओढतंय ते कळत नव्हतं. कुत्रं वासराएवढं होतं आणि त्याला घरी बारक्या म्हणत. बारक्याने टेबलावर पुढचे दोन्ही पाय टेकवले, मेहुण्याचं पेन हुंगलं, तोंड फिरवलं आणि खाली उतरला. त्या धक्क्याने साहेबांचं पेन हललं आणि उताराला लागलं.

मेहुण्याने पटकन हात पुढे केला.

"हात लावू नकोस!" साहेब गरजले. "जाऊ दे! बघा, सगळ्यांनी बघा! तुझं जागचं हललं का? नाही! आणि हे बघ कसं चाललंय. याला म्हणतात गोल! कुठे अडखळणं नाही, काही नाही..."

पेन खरोखरच अडखळलं नाही. सगळे पाहत होते. ते टेबलाच्या काठापर्यंत डौलात गेलं आणि काठावरून थेट बारक्याच्या तोंडात गेलं. बारक्याने ते वरच्या वर झेललं. कटकन आवाज झाला आणि मग त्याच्या घशाची एकच मोठी हालचाल सगळ्यांना स्पष्ट दिसली.

"डॉक्टर," बेकरीवाला घाबऱ्या आवाजात म्हणाला, "आम्ही नुसती नखं कापायला आलो होतो हो."

साहेब उभ्या जागी पांढरेफटक पडले. मुलीने मात्र बाही सरसावली. कुत्र्याच्या जबड्यात हात घालून तिने पेनाचा पुढचा अर्धा भाग बाहेर काढला. तो बिचारा मधल्या जोडावर निखळला होता, रिफिलसकट शाबूत पण लाळेने लडबडलेला. मागचा अर्धा भाग आत गेला होता. तिने बारक्याचं पोट दाबून पाहिलं, छातीला कान लावला आणि मग ती वडिलांकडे वळली. हा आवाज त्यांनी तिच्या तोंडून पूर्वी ऐकला नव्हता. डॉक्टरचा होता तो.

"बाबा, किती जाड होता तो भाग? नक्की सांगा."

साहेबांनी सांगितलं. अगदी दशांशासकट.

"कडा? टोक?"

"एकही नाही. बुशाशी सपाट आणलंय. पॉलिश केलंय."

"आतली नळी सुटेल?"

"सुटणार नाही. त्या गोंदाने माझा अंगठा धरला होता."

मुलीने दीर्घ श्वास सोडला. "मग ठीक आहे. कुत्रं मोठं आहे, वस्तू गुळगुळीत आहे. आपोआप बाहेर पडेल. कुठे कोपरा असता, क्लिप असती, तर आज पोट फाडावं लागलं असतं. दोन दिवसांत नाहीच पडली तर पोटाचा फोटो काढू."

मेहुण्याने आपल्या पेनाच्या क्लिपकडे पाहिलं आणि तो खोकला.

पण लिहायचं तर होतंच. मुलीने टेबलावरचं मामाचं पेन उचललं. दुसरं धड होतंच कुठलं? हरलो, साहेबांना वाटलं. आठवडाभर घर भुशात बुडवलं, खुर्ची मोडली, बायकोची बोलणी खाल्ली, आणि पहिलं प्रिस्क्रिप्शन शेवटी सळईच्या पेननं! मेहुणा तर फोन काढून फोटो घेत होता.

मुलगी लिहिता लिहिता मोठ्याने वाचत होती, बेकरीवाल्याला कळावं म्हणून. "नाव, बारक्या. त्रास, सध्या काही नाही. कारण..." ती थांबली, वडिलांकडे बघितलं आणि पुढे लिहिलं, "माझ्या बाबांनी स्वतः बनवलेलं लाकडी पेन, अर्धं, गिळलं."

साहेबांनी उलट्या बाजूने मान वाकडी करून ती ओळ वाचली. पुन्हा वाचली. डोळ्यांत पाणी आलं ते त्यांनी चष्मा पुसून लपवलं. मग घसा खाकरून म्हणाले, "लाकडी गोल पेन, असं लिही."

तिने 'गोल' लिहिलं.

"औषध काही नाही," ती बेकरीवाल्याला म्हणाली. "भरपूर खाऊ घाला आणि फिरवा. मात्र दर वेळी खाली पडेल ते नीट तपासायचं. बारीक. तो भाग मिळेपर्यंत."

"मी?" बेकरीवाला दचकला. "माझी भट्टी कोण बघणार?"

"तुम्ही नाही." मुलीने साखळी त्याच्या हातातून घेतली आणि साहेबांच्या हातात दिली. "बाबा, तुमच्याइतकी बारीक तपासणी इथे दुसऱ्या कुणाला जमणारच नाही."

बायकोने तोंडाला पदर लावला. साहेबांना नाही म्हणता येईना, कारण बोलणं खरं होतं. बारक्याने त्यांना दारातून ओढत बाहेर काढलं आणि मागच्या गल्लीकडे नेलं. मेहुणा मागोमाग निघालाच. अशी मजा तो थोडीच सोडणार?

"वाईट वाटून घेऊ नका हं भाऊजी," तो बरोबरीने धावत, दात काढत म्हणाला. "शेवटी लिहिलं माझ्याच पेननं, काय?"

साहेबांनी चालता चालता त्याच्याकडे वळून अशा नजरेने पाहिलं, की कारखान्यातला कामगार असता तर रजेवर गेला असता.

"पेन तू मला सांगू नकोस," ते म्हणाले. "तुझंही याच्या तोंडासमोरच होतं. त्यानं हुंगून सोडून दिलं."

मेहुण्याने फोन खिशात घातला. एवढ्यात पुढे बारक्या एका खांबाशी थांबला, गोल फिरला आणि खाली बसला. साहेबांनी चष्मा नाकावर सरळ केला, रस्त्यातली एक काडी उचलली आणि कामाला लागले.